भाग ४१ : "शेतकऱ्याचा माल आहे साहेब!" – उसाची ट्रॉली, काटा आणि चलन

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे आला. करमाळ्याकडचा एक श्रोता आहे, फर्स्ट इयरला. त्यानं पाठवलं होतं, "दादा, आमच्या पप्पांच्या ट्रॅक्टरला अठ्ठावीस हजाराचं चलन पडलंय. ऊस घेऊन चालले होते कारखान्याला. शेतकऱ्याचा माल आहे, मग दंड कसा काय लागतो? पोलिसांनी मुद्दाम केलंय का?"

मी त्याला म्हटलं, चलनाचा फोटो पाठव. पाठवला. बघितलं तर आकडा बरोबर होता. म्हणजे आकडा कायद्यानं बरोबर होता, न्याय्य आहे का ही वेगळी गोष्ट, तिथं आपण येऊच. पण मला जाणवलं की आपल्याकडं ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यालासुद्धा हा हिशोब माहीत नसतो. मलाही नव्हता. माझे चुलते, आम्ही तात्या म्हणतो, ते टेंभुर्णी-पंढरपूर पट्ट्यात किती तरी हंगाम ऊस ओढतायत, त्यांनाही अर्धाच माहीत होता. म्हणून हा भाग.

आधी तो अठ्ठावीस हजारांचा उलगडा करून टाकू.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ ला मोठी दुरुस्ती झाली आणि दंड एकदम वाढले. १ सप्टेंबर २०१९ पासून देशभर लागू झालं, आपल्या राज्यानं मात्र थोडं थांबून डिसेंबर २०२१ पासून वाढीव दंड घ्यायला सुरुवात केली. या कायद्यातलं कलम ११३ म्हणतं की कुठलीही गाडी "किंवा ट्रेलर", हे शब्द तिथं स्पष्ट आहेत, नोंदणीच्या कागदावर जेवढं भरलेलं वजन लिहिलंय त्यापेक्षा जास्त वजनानं रस्त्यावर चालवायची नाही. आणि चालवली तर कलम १९४ : २०,००० रुपये सरळ, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचाच, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी पुढं न्यायची नाही.

आता आपल्या मित्राच्या ट्रॉलीवर चार टन जादा होतं. वीस अधिक चार दुणे आठ. झाले अठ्ठावीस. २०१९ च्या आधी हाच हिशोब २,००० आणि टनाला १,००० असा होता. म्हणजे सहा हजारांत भागलं असतं. त्यामुळं जुनी माणसं "पूर्वी एवढं नव्हतं" म्हणतात ते खरंच आहे.

आणि नोंद घ्या, या कलमात माल कुणाचा आहे हे कुठंच विचारलेलं नाही. ऊस, कांदा, वीट, वाळू, लग्नाचं वऱ्हाड, काहीही असो, वजन ते वजन.

मग "शेतकऱ्याला सूट असते" ही समजूत कुठून आली? ती हवेतून आलेली नाही. सूट आहे, पण दुसरीकडं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हा "नॉन-ट्रान्सपोर्ट" धरलाय, म्हणजे धंद्याची गाडी नाही. त्यामुळं ट्रकसारखं दर वर्षा-दोन वर्षांनी फिटनेससाठी आरटीओच्या दारात उभं राहावं लागत नाही. राष्ट्रीय महामार्गावर ट्रॅक्टरला टोल नाही. हां, पण त्यातही एक पाचर आहे, जिथं सर्व्हिस रोड किंवा दुसरा रस्ता आहे तिथं ट्रॅक्टरनं मुख्य महामार्गावर यायचंच नाही. समृद्धीवर आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तर पूर्ण बंदी. तर ही सूट कराची आणि कागदांची आहे. वजन, दिवे, लायसन्स, विमा यातली एकही गोष्ट त्यात येत नाही. लोकांनी दोन्हीचं मिश्रण करून टाकलं.

आता मूळ मुद्दा. माणूस ओव्हरलोड का करतो? कारण मी जेवढं वाचलं त्यात बहुतेक ठिकाणी "शेतकरी बेशिस्त आहेत" असा सूर होता. मला तो पटत नाही. मी तात्यांबरोबर एक खेप केली मागच्या हंगामात, फडापासून गव्हाणीपर्यंत. तेव्हा कळलं.

वाहतूकदाराला पैसे मिळतात ते टनावर आणि किलोमीटरवर. फडात तोडणी झाली, मोळ्या बांधल्या, ट्रॉलीत रचल्या, दुपारी दोनला निघालो. कारखाना काही फार लांब नव्हता, दीड तासात पोहोचलो. आणि मग? मग यार्डात रांग. आमच्यापुढं नंबर दिसतच नव्हता एवढी. रात्री जेवलो तिथंच, ट्रॉलीच्या खाली गोणपाट टाकून झोपलो, पहाटे साडेचारला काटा झाला. म्हणजे रस्त्यावर दीड तास आणि रांगेत तेरा तास. आता तुम्हीच सांगा, दिवसाला एकच खेप बसणार असेल तर माणूस त्या एका खेपेत किती भरेल? जेवढं बसेल तेवढं. वर बँकेचा हप्ता आहे, कारखान्याकडून घेतलेली उचल आहे, टोळीला दिलेली उचल आहे. टोळी मधेच निघून गेली तर तेही त्याच्याच डोक्यावर.

तात्या म्हणाले, "आरं, मला काय हौस आहे व्हय दोन मजले रचायची? मोकळं येताना बी डिझेल जळतंच की."

ही रांग कमी झाली तर ओव्हरलोडिंग आपोआप कमी होईल असं माझं मत आहे. चूक असेन तर कळवा.

आणि आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचली ती. काट्यावर काय होतं? आधी भरलेली गाडी तोलतात, मग रिकामी तोलतात, वजा करतात, पावती देतात. म्हणजे हंगामातली प्रत्येक खेप, प्रत्येक ट्रॉली, तारीख आणि वेळेसकट किती वजन घेऊन आली याची पक्की नोंद कारखान्याच्या संगणकात असते. रस्त्यावर पोलिसानं अंधारात हात करून शंभरातली एक ट्रॉली थांबवायची आणि तिला पकडायचं, त्याची काय गरज? सगळी माहिती एका ठिकाणी बसलीये. आणि कलम १९४ नीट वाचलं तर ते फक्त चालवणाऱ्याबद्दल बोलत नाही. जो चालवतो, किंवा "चालवायला लावतो किंवा चालवू देतो", असे शब्द आहेत. पण चलन कुणाच्या नावावर निघतं? ज्याची नंबर प्लेट आहे त्याच्या. असो. मी काही वकील नाही, पण वाचता येतं मला.

तर रस्त्यावर थांबवलं तर काय होतं ते बघू, कारण हे कामाचं आहे. तुमच्यातले बरेच जण स्वतः स्टिअरिंगवर बसता, मला माहितीये.

वजनाचा संशय आला तर अधिकारी तुम्हाला काट्यावर चला म्हणू शकतो, कलम ११४. पण कुठल्याही काट्यावर नाही. तुमच्या पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आत, किंवा तुम्ही जिथं चाललाय त्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत काटा असेल तिथं. म्हणजे आलेल्या वाटेनं उलटं चाळीस किलोमीटर फिरवणं यात बसत नाही. तोलल्यावर पावती मागा आणि फोटो काढून ठेवा. नुसतं बघून "दोन टन जास्त वाटतंय" असं चलन बनलं तर त्यावर हरकत घ्यायला तुमच्याकडं कागद पाहिजे.

पण एक चूक करू नका. थांबायला सांगितलं आणि पळवली, किंवा तोलायला नकार दिला, तर त्याचा वेगळा दंड आहे. ४०,००० रुपये. म्हणजे चार टनाचा दंड वाचवायला गेलात आणि त्याच्यापेक्षा जास्त गेले.

आणखी एक १९४ चंच पोटकलम आहे, ते ऊसवाल्यांना जास्त लागतं आणि कुणाला माहीत नसतं. वजन बरोबर असलं तरी माल बाजूनं, पुढं, मागं किंवा उंचीनं नियमाबाहेर आला तर २०,००० रुपये. ट्रॉलीच्या फाळक्यांच्या बाहेर दोन्हीकडं हात-हात ऊस लोंबतोय, समोरून एसटी आली की वाड्यांचा शेंडा खिडकीतून आत येतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तो हा प्रकार.

कागदांचं पटकन सांगतो. ट्रॅक्टरचं आरसी, विमा, लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असेल तर ते मूळ कागदाइतकंच चालतं, कायद्यानं. पण अ‍ॅपमधून दाखवायचं, गॅलरीतला स्क्रीनशॉट नाही. पप्पांच्या फोनमध्ये हे सेट करून द्या, दहा मिनिटांचं काम आहे. चलन चुकीचं वाटलं तर ई-चलनच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते, तिथं काट्याची पावती कामाला येते.

लायसन्सबद्दल खूप गोंधळ आहे. "ट्रॉली जोडली की हेवी लायसन्स लागतं" असं सर्रास सांगतात. नाही. ट्रॅक्टरचं स्वतःचं रिकामं वजन ७,५०० किलोच्या आत असतं, आपले पन्नास एचपीवाले तर दोन-अडीच टनांचे असतात, त्यामुळं तो हलक्या वाहनात येतो. ट्रॉली जोडल्यामुळं ट्रॅक्टरचं लायसन्स निरुपयोगी होत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २००१ सालीच सांगितलंय. आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं आणखी पुढचं स्पष्ट केलं, की साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवता येतं, वेगळा शिक्का लागत नाही. पिकअप, छोटा हत्तीवाल्यांनी हे लक्षात ठेवा. जाता जाता, मालवाहू गाडीचं भरलेलं वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिटही लागत नाही, त्याच्या वर लागतं. फिटनेस मात्र दोन्हींना लागतं.

पण लायसन्स असलं पाहिजे ना! आपल्याकडं चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं ट्रॅक्टर चालवतं याचं घरच्यांना कौतुक असतं. शेतात चालवलं, ठीक. डांबरी रस्त्यावर आलं आणि काही झालं तर कलम १९९-अ : पालक किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. भर हंगामात ट्रॅक्टरची नोंदणी गेली म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आणि साउंड. हो, त्यावर यायचंच होतं मला, कारण रील्स तुम्हीच बनवता. ट्रॅक्टरला चार-चार बॉक्स लावून गाणी. दिसायला भारी, मान्य. पण मागून रुग्णवाहिका हॉर्न वाजवतीये ते ड्रायव्हरला ऐकू येत नाही, आणि मागची पिन तुटून ट्रॉली सुटली तरी कळत नाही. आवाजाच्या नियमभंगाला कलम १९०(२) मध्ये १०,००० पर्यंत दंड आहे, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं.

आता जरा गंभीर होतो.

माझा अकरावी-बारावीचा एक मित्र होता. नाव घेत नाही, घरच्यांना आवडणार नाही. जानेवारीतली रात्र, साडेनऊ वगैरे, बाइकवरून गावाकडं चालला होता. रस्त्यात एक भरलेली ट्रॉली उभी होती. टायर फुटला म्हणून ट्रॅक्टर सोडवून टायर आणायला गेले होते. ट्रॉलीच्या मागं दिवा नाही, चाकाला दगड लावलेले, आणि पाठीमागं झाडाची एक फांदी टाकलेली. तो थेट मागून धडकला. जागेवरच गेला.

मला बरेच दिवस वाटायचं, त्याला दिसली कशी नाही एवढी मोठी ट्रॉली? मग एकदा मी गणित केलं. तुम्हीही करा. बाइकचा वेग ताशी ६०. म्हणजे सेकंदाला साधारण सतरा मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद जातो, कुणाचाही. तेवढ्यात पंचवीस मीटर गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी वीस मीटर, तेही रस्ता कोरडा असेल तर. झाले पंचेचाळीस. आणि लो बीमवर बाइकच्या हेडलाइटमध्ये न चमकणारी वस्तू दिसते तीस-चाळीस मीटरवर. ऊस कसा असतो? मळकट, तपकिरी, अंधाराच्याच रंगाचा. म्हणजे दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. तो सावध असता तरी कदाचित वाचला नसता. समोरून एखाद्या गाडीचा हाय बीम डोळ्यात आला असेल तर संपलंच.

आणि रिफ्लेक्टर टेप असती तर? ती तेवढ्याच उजेडात दीडशे मीटरवरून चमकते. दीडशेमधून पंचेचाळीस वजा करा. उरतात शंभर मीटर. एका टेपचा सगळा फरक हा आहे. मागं लाल, बाजूनं पिवळी, पुढं पांढरी, असा क्रम असतो, म्हणजे रात्री रंग बघून कळतं की आपण गाडीच्या कुठल्या बाजूला आहोत.

दर हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर आरटीओ आणि पोलीस येऊन रिफ्लेक्टर लावतात, फोटो निघतात, पेपरात येतं. चांगलंच आहे. पण मी तात्यांना विचारलं होतं.

"तात्या, तुमच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर कुठंय?"

"हाय की."

"कुठं? मला तर दिसंना."

"आरं बाळा, ऊस उतरला की दिसतोय."

हसू आलं तेव्हा, पण हेच खरं कारण आहे. रिफ्लेक्टर लागतो ट्रॉलीच्या फाळक्यावर, आणि भरल्यावर फाळक्यावरून ऊस आणि वाडं खाली लोंबतं. नेमकी ट्रॉली भरलेली असते, सावकाश चालते, रात्रीची असते, तेव्हाच तो झाकलेला असतो. वर डिसेंबर-जानेवारीपर्यंत चिखल बसून तो आंधळा होतो. म्हणून उपाय साधा आहे. टेप लावलेली एक पट्टी किंवा जुन्या फ्लेक्सवर टेप चिकटवून केलेला फलक, दोरीनं उसाच्या वरून मागं सोडायचा. भरून झालं की शेवटचं काम ते. आणि कापड मारून पुसायचं. वायरिंग नको, बॅटरी नको.

कायदा काय सांगतो? सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं दिवे लागलेले पाहिजेत, मागं लाल दिवा पाहिजे. ट्रॉलीची स्वतःची वेगळी नोंदणी पाहिजे. हे बऱ्याच जणांना नवीन असेल, ट्रॉली ही कायद्याच्या दृष्टीनं ट्रॅक्टरचा अवयव नाही, स्वतंत्र वाहन आहे, कलम ६१. तिचा नंबर तिच्यावर, आणि शिवाय ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर सगळ्यात शेवटच्या ट्रॉलीच्या मागं. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीवर. आणि ट्रॅक्टरपासून शेवटच्या टोकापर्यंत सगळं मिळून लांबीलाही मर्यादा आहे. बंद पडलेली गाडी रस्त्यात धोकादायक पद्धतीनं सोडून जाणं हा मोटार वाहन कायद्यात गुन्हा आहेच, भारतीय न्याय संहितेतही कलम २८५ आहे. आणि त्यात कुणाचा जीव गेला तर कलम १०६, निष्काळजीपणामुळं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

मित्राच्या प्रकरणात पुढं काय झालं ते सांगतो, कारण दंडापेक्षा खरा फटका तिथं बसतो. ट्रॅक्टरचा विमा होता. ट्रॉलीचा नव्हता, तिची पॉलिसीत नोंदच नव्हती. विमा कंपनीनं ट्रिब्युनलमध्ये सांगितलं, धडक ट्रॉलीला आहे, ट्रॉली आमच्याकडं नाही. दुसरं, पॉलिसी शेतीकामापुरती होती आणि ऊस दुसऱ्याच्या शेतातला, भाड्यानं चालला होता, म्हणून अटीचा भंग. अशा वादांत बरेचदा निकाल येतो तो "आधी द्या, मग वसूल करा". कंपनीनं मयताच्या घरच्यांना भरपाई द्यायची आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची. इथंही तसंच झालं. मालक म्हणजे कोण? शेजारच्या गावचा माणूस, अडीच एकर जमीन, कर्जावर ट्रॅक्टर. माझ्या मित्राच्या आईचा राग त्याच्यावर आहे, आणि तो असणारच. मी त्या माणसाला एकदा बाजारात बघितलं. काय बोलावं कळलं नाही, मी दुसऱ्या गल्लीनं गेलो.

तर घरी जाऊन पॉलिसी काढा आणि तीन गोष्टी बघा. ट्रॉलीचा, दोन्ही असतील तर दोन्हींचा, नंबर त्यात लिहिलाय का. वापर काय लिहिलाय, फक्त शेती की भाड्याची वाहतूकही. आणि मजुरांची नोंद आहे का. हे तिसरं खास सांगतो. ट्रॅक्टरला सीट एकच असते, ड्रायव्हरची. मडगार्डवर बसलेला माणूस कायद्याच्या लेखी तिथं नसतोच, आणि तो पडला तर विमा कंपनी जबाबदार नाही अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयानं घेतलेली आहे. आणि टोळी फडावरून फडावर जाते तेव्हा ट्रॉलीत भांडी, पाली, कोंबड्या, आणि वर गोधडीत झोपलेली लेकरं. बीडवरून, नगरकडून आलेली ही माणसं. ट्रॉली पलटी झाल्याच्या बातम्यांत ज्यांची नावंसुद्धा नीट छापून येत नाहीत ती हीच.

पलटी का होते हेही थोडक्यात. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरनं मागचं वीस टन थांबवायचं. सपाटीला जमतं. उताराला मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि दोन्ही मिळून कात्रीसारखे मिटतात. डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल करणारे तर इंजिनचा ब्रेकही घालवून बसतात. चढाला उलटं, मागच्या ओझ्यानं पुढची चाकं उचलतात, स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. आणि एक बारीक गोष्ट, ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल दोन असतात, डावा-उजवा, शेतात वळायला सोपं जावं म्हणून. त्यांना जोडणारी एक पट्टी असते. शेतातून रस्त्यावर येताना ती लावायची असते. किती जण लावतात? घाईत ब्रेक मारला आणि पाय एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर जागेवर गिरकी घेतो. तात्यांनी मला विचारल्यावर ती पट्टी दाखवली, गंजून एकाच जागी बसली होती. मी ऑइल सोडून मोकळी केली.

करमाळ्याच्या मित्राला मी काय सांगितलं? चलन मुद्दाम केलेलं नाही, आकडा बरोबर आहे, पण पप्पांकडं काट्याची पावती आहे का बघ, आणि पोलिसांनी ज्या काट्यावर तोललं तो किती लांब होता ते विचार. त्याचा परत मेसेज आला. काटा पुढच्याच वाटेवर होता, सहा किलोमीटरवर. म्हणजे हरकत घ्यायला जागा नाही, भरावे लागणार. शेवटी त्यानं लिहिलं होतं, "ट्रॉलीचा नंबर पॉलिसीत नाही दादा. आत्ताच बघितलं."

हंगाम अजून दोन महिने आहे, म्हणून एजंटला उद्याच फोन कर म्हटलं.

रात्री गाडी बंद पडली तर काय करायचं, एवढं सांगून थांबतो. शक्य असेल तर साइडपट्टीच्या खाली घ्या, अर्धी डांबरावर ठेवू नका. एक माणूस मागं लांबवर, ट्रॉलीला चिकटून नाही, मोबाइलचा टॉर्च हलवत उभा करा, आणि तोही रस्त्याच्या कडेला. लाल त्रिकोणाचा बोर्ड दुकानात मिळतो, तो टूलबॉक्समध्ये पडू द्या. ११२ ला फोन करा, पोलीस येऊन बॅरिकेड लावतात. आणि निघताना चाकाखालचे दगड उचलून कडेला टाका. ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतात, आणि मागून कुणी तरी बाइकवर येत असतं.

तुमच्याकडं ट्रॉलीवर काही वेगळा जुगाड केला असेल, लाइटचा, टेपचा, फोटो पाठवा. पुढच्या भागात कांद्याच्या पिकअपवर बोलायचंय, लासलगावचा एक ड्रायव्हर येतोय. भेटू.